तापलेल्या भुईची बदनामी

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या मंडळींपुढे उन्हाळ्याची गोष्ट काढणारा माणूस अरसिकच म्हणायचा. अंगणात पणत्या, ताटात चकल्या, आणि हा गृहस्थ वैशाखातल्या ढेकळांविषयी बोलतो आहे! पण वाचकहो, माझा इलाज नाही. जूनमध्ये सुरू झालेले हे भांडण अजून मिटलेले नाही, आणि ते मिटावे अशी माझी इच्छाही नाही.

झाले ते असे. माझी नात सातवीत, इंग्रजी शाळेत. मे महिन्यात ती अकोल्याकडे माझ्या धाकट्या भावाच्या शेतावर पंधरा दिवस राहून आली. शाळा उघडताच सुट्टीवर निबंध लिहायला सांगितला. पोरीने आपल्या इंग्रजीत सरळ लिहिले की, दुपारी शेत इतके तापते की पाय ठेववत नाही, कारण जमीन तयार होत असते. वही परत आली तेव्हा शेवटच्या शब्दांवर लाल शाईची काट होती आणि समासात सुरेख अक्षरांत पर्याय लिहिलेले होते : 'स्कॉर्च्ड', 'बॅरन', 'लाइफलेस' आणि कळस म्हणून 'गॉडफोरसेकन वेस्टलँड'. खाली शेरा : वर्णनपर शब्दांचा वापर वाढवावा.

"आबा, गॉडफोरसेकन म्हणजे?"

"देवानं टाकून दिलेली."

"पण तिथं तर बांधावर म्हसोबा आहे!"

या उत्तराला माझ्यापाशी तोड नव्हती. शाळेपाशीही नसावी.

आता खरे कोण ते पाहू. पऱ्हाटी उपटून झाली की आमच्याकडे नांगरट होते, ती मुद्दाम उन्हाळ्याच्या तोंडावर. मोठाली ढेकळे उलथून पडतात आणि महिना दीड महिना उन्हात तशीच राहतात. मातीत दडून बसलेले अळ्यांचे कोष उघडे पडतात; काही उन्हाने मरतात, काही बगळे-कावळे टिपतात. हरळी-कुंद्याची मुळे वाळतात. काळी जमीन तर स्वतःच भेगाळते, हात कोपरापर्यंत आत जाईल इतकी. मृगाचा पहिला पाऊस त्याच भेगांतून खोल मुरतो. मग वाफसा, मग वखर, मग पेरणी. शेतकऱ्याला जमीन तापलेली हवी असते. वैशाखात अवकाळी पाऊस येऊन ती निवली तर तो कपाळाला हात लावतो. म्हणजे सातवीतल्या पोरीने 'तयार होत असते' असे लिहिले, ते कृषिशास्त्र होते. लाल शाईने खोडले ते शास्त्र, आणि वर बसवला तो अलंकार.

हे अलंकार आले कोठून? ज्यांच्या देशात ऊन पडले की लोक एकमेकांचे अभिनंदन करतात, त्या देशाच्या भाषेत ते घडले. भाषेचा तो दोष नव्हे. 'सन-बेक्ड' म्हणताना त्यांना पावाची भट्टी आठवते. आपल्याला फुफाटा आठवतो, तवा आठवतो. माझी तक्रार वेगळीच आहे. परक्याने चार दिवस तहानेने कासावीस होऊन जमिनीला शिव्या दिल्या, आणि त्या शिव्यांनाच पुढे भूगोल म्हणून मान्यता मिळाली, ही ती तक्रार.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची 'डेथ व्हॅली' घ्या. मृत्यूची दरी! १९१३ सालच्या १० जुलैला तिथे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी तोच उच्चांक आहे. तेव्हा वाटते, नाव योग्यच आहे. पण हे नाव पडले १८४९-५० च्या हिवाळ्यात! सोन्याच्या मागे निघालेली माणसे जवळच्या वाटेच्या लोभाने तिथे अडकली आणि अन्नपाण्यावाचून हाल होऊन बाहेर पडली. त्यांच्यापैकी त्या दरीत मेल्याची नोंद एकाच माणसाची आहे. एवढ्या भांडवलावर दरीला मृत्यूचे नाव मिळाले. मग कोणी डोंगराला 'फ्यूनरल' म्हटले, कोणी मिठाच्या खडबडीत मैदानाला सैतानाचे गोल्फचे मैदान केले. आणि तो उच्चांक जिथे नोंदला, त्या मळ्याचे तेव्हाचे नाव काय असावे? 'ग्रीनलँड रँच'! पाणी होते, गुरांसाठी लसूणघास पिकत होता. पुढे तीच जागा 'फर्नेस क्रीक' या नावाने प्रसिद्ध झाली. मळा मागे पडला, भट्टी पुढे आली.

आणि त्या दरीत माणसे राहत होतीच. तिंबिशा शोशोन हे तिथले मूळ लोक. तिंबिशा हे नाव तिथल्या तांबड्या गेरूवरून आले आहे. मेस्किटच्या शेंगा दरीत गोळा कराव्यात, उन्हाळा चढला की डोंगरावर जावे, चिलगोजे वेचावेत, थंडीत खाली यावे, असा त्यांचा क्रम. त्यांना ती दरी घर होती. १९३३ साली तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि घरच्यांचीच अडचण होऊ लागली. १९५० नंतरच्या काळात, उन्हाळ्यात रिकामी दिसलेली त्यांची मातीची घरे अधिकाऱ्यांनी पाण्याच्या झोताने पाडली. जिथे मृत्यूच राहतो तिथे घर कोणाचे असणार? शेवटी २००० साली कायदा होऊन त्यांना सुमारे ७,७०० एकर जमीन परत मिळाली. त्यातली दरीच्या पोटातली जेमतेम तीनशे एकर.

याहून वाईट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. जे. डब्ल्यू. ग्रेगरी नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०६ साली तिथल्या वाळवंटी अंतर्भागावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच 'डेड हार्ट' होते, म्हणजे मेलेले काळीज. एका पुस्तकाने पुढचे सारे घडवले असे मी म्हणत नाही. पण ओसाड, मृत, निर्मनुष्य ही विशेषणे एकदा रुळली की पुढचे काम सोपे होते. १९५३ साली ब्रिटिशांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात एमू फील्ड इथे अणुबाँब फोडले, १९५६-५७ मध्ये मारालिंगा इथे आणखी सात. त्या 'निर्मनुष्य' मुलखात आनंगू लोक राहत होते. त्यांचे काय झाले याची रीतसर चौकशी व्हायला १९८४ साल उजाडावे लागले.

परक्यांनाच का बोलावे? आपल्या केंद्र सरकारने २००० साली, आणि नंतरही अनेकदा, 'वेस्टलँड्स ॲटलस' काढला. त्यात झुडपी जमीन आहे, खालावलेली चराऊ कुरणे आहेत. म्हणजे आमचे माळरान पुष्कळसे तिथेच. धनगराची मेंढरे ज्यावर जगली, ज्या गवतात माळढोक अंडी घालत आला, ते सारे 'वेस्ट'! सोलापूरकडे नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. एकीकडे अभयारण्य करायचे आणि दुसरीकडे तसल्याच माळाला टाकाऊ म्हणून तिथे झाडे किंवा कारखाना लावायचा, यातली गंमत पक्ष्याला कळत नाही.

कोणी म्हणेल, मराठी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? आमच्याच सातबाऱ्यावर 'पोटखराबा' आहे. मान्य. पण तो हिशेबनिसाचा शब्द. कवी तो वापरत नाही आणि निबंधात त्याला गुण मिळत नाहीत. एरवी मराठीत ऊन रणरणते, झळा लागतात, अंगाची काहिली होते, आणि जमीन मात्र तापते, भेगाळते, तहानते. शिव्या उन्हाला, जमिनीला माया. विदर्भात नवतपा म्हणतात, तेव्हा त्या नऊ दिवसांना तपाचा मान असतो. हवामानखात्याची 'उष्णतेची लाट' मला चालते. तिला मोजमाप आहे, तिच्यामुळे माणसे वाचतात. समासातल्या लाल शाईला कसलेच मोजमाप नाही.

नातीच्या वहीत मी शेऱ्याखाली पेन्सिलीने एवढेच लिहिले की, मूळ वाक्य बरोबर आहे, कृपया ते परत घ्यावे. सुनेला हे आवडले नाही. "बाबा, गुण जातील तिचे," असे ती म्हणाली. गेलेही, दोन. नातीने मात्र सहामाही परीक्षेत 'माय समर व्हेकेशन' पुन्हा आला, तेव्हा तेच वाक्य लिहिले, आणि पुढे स्वतःहून म्हसोबाही घातला. पेपर अजून हाती आलेले नाहीत.