जॅझचे टिकाऊपण आणि कोळीवाड्यातला बँड

जॅझ टिकते आणि रॉक विरते, हे विधान संगीतचर्चेत सिद्धान्ताच्या थाटात वापरले जाते. त्यामागे एक उतरंड गृहीत धरलेली असते. वरच्या पायरीवर गुंतागुंतीच्या स्वरमेळाचे, एकाग्र श्रवणाची अपेक्षा करणारे जॅझ. खालच्या पायरीवर मोजक्या स्वरसंगतींवर उभे असलेले, तरुणांच्या झुंडीला चेतवणारे रॉक. मराठी समीक्षा 'अभिजात' आणि 'लोकप्रिय' ह्या कोटी ज्या निश्चिंतपणे वापरते, तोच निश्चिंतपणा येथेही आढळतो. निष्कर्ष एकवेळ मान्य करता येईल. त्याची कारणमीमांसा मात्र साफ चुकीची आहे.

1936 साली अडोर्नोने टोपणनावाने जॅझवर निबंध लिहिला. जॅझमधील उत्स्फूर्तता हा आभास असून प्रत्यक्षात तो साचेबंद बाजारू माल आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. आज जॅझचे कैवारी रॉकवर जे आरोप करतात, ते ह्याहून वेगळे नाहीत. आरोपी बदलला, आरोपपत्र तेच राहिले. शिवाय जॅझ ज्या अन्नावर पोसले, ते लोकप्रिय गाण्याचेच. 1939 साली कोलमन हॉकिन्सने 'बॉडी अँड सोल' हे प्रचलित गाणे सॅक्सोफोनवर घेतले आणि मूळ चाल जेमतेम सूचित करून पुढे स्वतःचे वादन उभे केले. जॉन कोल्ट्रेनचे 'माय फेव्हरिट थिंग्ज' तर ब्रॉडवेवरील एका गोड, कौटुंबिक संगीतिकेतून आलेले. लोकप्रियता हा दोष असेल, तर तो जॅझच्या मुळाशीच आहे.

मग जॅझचे टिकणे कशात आहे? त्याची कृती बंद होत नाही, ह्यात. अभंगाचे चरण तेच असतात, निरूपण मात्र प्रत्येक कीर्तनकाराचे वेगळे असते, आणि त्या वेगळेपणाने अभंग झिजत नाही. जॅझमधील मूळ धून अशीच पुन्हा पुन्हा उचलली जाण्यासाठी असते. रॉकने मात्र बहुतांशी ध्वनिमुद्रिकेलाच अधिकृत संहिता मानले. दुसऱ्याने ते गाणे गायले की तुलना मूळ मुद्रणाशी होते आणि गाणारा नकलाकार ठरतो. (1969 साली वुडस्टॉकला हेन्ड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर पिंजून काढले, हे येथे विसरता येत नाही. पण मग त्या घटकेला तो कोणत्या कोटीत होता, ह्याचे उत्तर उतरंडवाल्यांनी द्यावे.)

मुंबईतील जॅझची चर्चा सहसा दोन स्थळांपाशी घोटाळते. एक, 1935 साली लिऑन अ‍ॅबेचा वाद्यवृंद जेथे वाजला ते ताजमहाल हॉटेल. दुसरे, 1978 साली जॅझ यात्रा जेथे सुरू झाली ते धोबीतलावचे रंगभवन. त्याच रंगभवनात पुढे इंडिपेन्डन्स रॉकही बहरले, आणि शांतता क्षेत्राच्या नियमांनी दोघांनाही सारख्याच निर्विकारपणे गप्प केले. पण जॅझ मुंबईत खरोखर मुरले ते अन्यत्र. चिक चॉकलेट ह्या नावाने ओळखला जाणारा गोमंतकीय ट्रम्पेटवादक आंतोनियो झेव्हियर वाझ हा सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. 'अलबेला' (1951) ह्या चित्रपटात त्या संगीतावर गिरणी कामगाराचा मुलगा भगवान नाचला, आणि ते नृत्य गिरणगावच्या गणपतीच्या मिरवणुकीत शिरले. ह्या वाटचालीला जॅझच्या इतिहासात स्थान देण्याची रसिकांची तयारी नसते, कारण येथे माणसे खुर्चीत बसून ऐकत नाहीत.

वरळी कोळीवाड्यातील हळदीचा बँड ह्याच अडगळीत पडतो. शान्ता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली 'मी डोलकर', 'वादळवारं सुटलं गो' ही गीते कोळ्यांची नव्हेत, पांढरपेशा कवयित्रीची होत, असा शुद्धिवाद्यांचा आक्षेप असतो. तो वस्तुस्थितीला धरून आहे आणि तरीही निरर्थक आहे. ट्रम्पेटवाला शब्द वगळून मुखडा उचलतो, नाचणाऱ्यांचा दम पाहून तो लांबवतो, मध्येच दुसऱ्या गाण्यात शिरतो आणि परततो. मुद्रिकेवर मिटलेली संहिता अंगणात पुन्हा उघडते. ध्वनिमुद्रित गाणे वाजवणारा डीजे आला की ते उघडणे थांबते. मग यंत्रातून जॅझ वाजो की रॉक, फरक पडत नाही.

विद्यापीठीय लोकसाहित्याला धवलारणीचे धवले चालतात, कारण ते लिहून घेता येतात, त्यांची पाठचिकित्सा करता येते. ट्रम्पेटला शब्द नाहीत, बँडवाल्याला संहिता नाही, आणि तो पैसे घेऊन वाजवतो. त्यामुळे तो 'लोक'मध्ये बसत नाही आणि 'अभिजात'मध्ये त्याला कोणी बोलावत नाही. जॅझच्या चिरंतन मूल्यावर निबंध वाचणाऱ्या अभ्यासकाच्या दारावरून ती वरात जाते, तेव्हा तो खिडकी लावून घेतो.