मुख्याध्यापकांच्या हातीही खडू असावा

मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले की भिंतीवर वेळापत्रकाचा मोठा तक्ता दिसतो. त्यात प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे तासिकांची गर्दी असते. मात्र ज्यांच्या सहीने तो तक्ता लागू होतो, त्यांच्या नावापुढचे रकाने मोठ्या शाळांतून बहुधा रिकामेच असतात. असलीच तर मूल्यशिक्षणाची किंवा कार्यानुभवाची एखादी तासिका असते आणि तीही ऐन वेळी दुसऱ्याच शिक्षकाच्या गळ्यात पडते. वर्षानुवर्षे शिकवण्याच्या अनुभवावर ज्याला बढती मिळते, त्याने बढतीनंतर सर्वप्रथम सोडायचे ते शिकवणेच, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेतला विचित्र न्याय आहे.

मुख्याध्यापकांच्या वर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशी उतरंड असते. जो जितका वर, तो फळ्यापासून तितका दूर. वर्गात काय शिकवावे, कसे शिकवावे, किती नोंदी ठेवाव्यात, हे ठरवण्याचा अधिकार मात्र वरच्यांकडेच. चुलीजवळ न बसणाऱ्याने मिठाचा अंदाज सांगावा, तसाच हा प्रकार आहे.

कागदावर सोपे, वर्गात अवघड

समजा, प्रत्येक मुलाच्या प्रगतीची सविस्तर नोंद दर महिन्याला ठेवावी, असे परिपत्रक निघाले. कल्पना चांगली आहे. पण वर्गात ६० मुले असतील आणि एका नोंदीला फक्त ५ मिनिटे लागत असतील, तरी ३०० मिनिटे होतात. ३५ मिनिटांची तासिका धरली तर आठांहून अधिक तासिका झाल्या. हा वेळ आणायचा कोठून? शिकवण्यातून, नाही तर शिक्षकाच्या घरच्या वेळेतून. मग नोंदी भरल्या जातात, पण सगळ्या मुलांच्या जवळजवळ सारख्याच. तपासणीला आलेला अधिकारी वही पाहून समाधानाचा शेरा मारतो. फसवणूक कोणाची होते? ज्याला भागाकार येत नाही आणि ज्याच्या नोंदीत ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहिले आहे, त्या मुलाची.

असे परिपत्रक काढणाऱ्याने स्वतः त्या वर्गात आठवड्यातून दोन तासिका घेतल्या असत्या, साठ वह्या तपासल्या असत्या, तर परिपत्रकाची भाषा वेगळी असती. कदाचित ते निघालेच नसते. प्रशासकांनी वर्गात शिकवावे, या मागणीमागचे खरे कारण हे आहे. त्यांना शिक्षा करायची नाही. त्यांच्या निर्णयांना जमिनीचा स्पर्श असावा, एवढेच.

इतर क्षेत्रांत हे कोणाला नवीन वाटत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील विभागप्रमुख रुग्ण तपासतात, शस्त्रक्रियाही करतात. वैमानिकांची परीक्षा घेणारा स्वतः विमान चालवणारा असतो. मग शिक्षणातच मोठेपणाचे लक्षण म्हणजे वर्गातून सुटका, असे का व्हावे?

परंपरा आपलीच आहे

ही कल्पना परदेशातून आणण्याचीही गरज नाही. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा शाळा काढणारे चिपळूणकर आणि टिळक स्वतःच शिकवत होते. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांच्या पद्धतीत संस्था चालवणारे आणि वर्गात उभे राहणारे एकच होते. केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ साली फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ते गणितही शिकवत राहिले. तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली आणि ते स्वतः मुलांना शिकवायला बसले.

ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्री-अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात लहान मुलांबरोबर काम करण्यासाठी गेल्या. कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांनी शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रातून निवृत्त झाल्यावर १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. शिक्षकांना जे सांगितले ते मुलांसमोर करून पाहण्याचे धाडस या दोघींनी दाखवले. त्यांच्या शब्दाला वजन आले ते खुर्चीमुळे नव्हे, तर या अनुभवामुळे.

एक दिवसाची भेट पुरेशी नाही

अधिकाऱ्यांना शाळेत आणण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. गुजरातमध्ये २००९ पासून ‘गुणोत्सव’ सुरू झाला. मंत्री आणि अधिकारी सरकारी प्राथमिक शाळांत जाऊन मुलांचे वाचन, लेखन आणि गणित तपासू लागले. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधी यांची मुले सरकारी प्राथमिक शाळांत शिकावीत, असा आदेश दिला. ज्याला झळ लागेल तोच शाळा सुधारेल, हा त्यामागचा विचार होता.

पण तपासणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. तपासणीच्या दिवशी शाळा सारवलेली असते, मुले पढवलेली असतात. पाहुण्याच्या ‘आदर्श पाठा’चेही तेच. चित्रे, तक्ते, टाळ्या आणि निरोप. ज्या मुलाला तोच हिशेब पाचव्यांदा समजावूनही उमगत नाही, त्याची गाठ एका दिवसाच्या पाहुण्याशी पडत नाही. ती रोजच्या शिक्षकाशीच पडते.

म्हणून नियम करायचा तर तो नेमका हवा. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी वर्षभर एका ठरावीक वर्गाचा एक मुख्य विषय शिकवावा. त्या विषयाचे टाचण त्यांनीच काढावे, घटक चाचणीचे पेपर त्यांनीच तपासावेत, पालकांच्या प्रश्नांना त्यांनीच उत्तरे द्यावीत. गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्या वरच्यांना रोज हे जमणार नाही, हे उघड आहे. पण कार्यालयाजवळच्या एखाद्या शाळेत आठवड्यातून एक ठरलेला तास त्यांनाही घेता येईल. शाळा निवडताना नावाजलेली नव्हे, तर नेहमीचीच घ्यावी.

आक्षेप खरे आहेत

यावर पहिला आक्षेप वेळेचा. तो खोटा नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलावर वेतनाची बिले असतात, दुपारच्या भोजनाचा हिशेब असतो, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि संगणकावर भरायची माहिती असते. बैठकांची बोलावणी तर ऐन शाळेच्या वेळेतच येतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे देता येत नाहीत. पण शाळेच्या आतच माजलेल्या कागदांच्या रानाला हे कलम आवर घालत नाही. तेव्हा शाळेला पुरेसे लिपिक न देता मुख्याध्यापकांवर तासिका लादली, तर मुलांना पुन्हा रिकामा तासच मिळेल. आधी कारकुनी काढून घ्या, मग खडू द्या, हा क्रम चुकवून चालणार नाही.

दुसरा आक्षेप असा की मुख्याध्यापकांना अचानक बोलावणे आले तर मुलांचे नुकसान होते. त्यावर उपाय सोपा आहे. त्यांची तासिका दिवसाची पहिली ठेवावी आणि त्या वेळेत कोणी बैठक बोलावू नये, असा दंडक वरूनच घालावा. तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. बरीच वर्षे शिकवण्याची सवय सुटलेली. वर्ग आवरला नाही तर अधिकाराचा मान राहील का? उलट, वर्गात अडखळलेला आणि तरीही दुसऱ्या दिवशी परत आलेला मुख्याध्यापक शिक्षकांना अधिक आपला वाटेल. त्याची सूचना मग वरून आलेला हुकूम वाटणार नाही.

हा नियम सर्वांना सरसकट लावू नये, हेही तितकेच खरे. देशात आजही एक लाखाहून अधिक शाळांत एकच शिक्षक आहे. तोच मुख्याध्यापक, तोच लिपिक आणि बरेचदा घंटा वाजवणाराही तोच. त्याला आणखी शिकवायला सांगणे म्हणजे क्रूर थट्टा होईल. त्याला हवा आहे दुसरा शिक्षक. आणि त्याची ही गरज वरच्या अधिकाऱ्याला आकडेवारीतून जितकी कळेल, त्याहून लवकर अशा शाळेत चार वर्ग एका खोलीत सांभाळताना कळेल.

पालकांनी विचारावे

सरकारी नियमाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. या बैठकांत रंगरंगोटी, पाण्याची टाकी आणि स्नेहसंमेलन यांवर भरपूर चर्चा होते. त्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. मुख्याध्यापक कोणत्या वर्गाला कोणता विषय शिकवतात? शिकवत नसतील, तर त्यांच्यावरचे कोणते काम कमी केल्यास ते शिकवू शकतील?

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पहिला एकटाच विचारला तर ती उलटतपासणी ठरेल. दोन्ही एकत्र विचारले तर मुख्याध्यापकांनाही आधार वाटेल, कारण वर्ग सुटल्याची खंत त्यांच्यातल्या अनेकांच्या मनात असते. खासगी शाळांतही पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हेच विचारता येईल. शाळा सुधारण्याचे अनेक मार्ग खर्चिक असतात. हा मार्ग मागतो तो एक लिपिक, सकाळची एक राखून ठेवलेली तासिका आणि खुर्चीवरून उठण्याची तयारी.