माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला वैदिक संमेलन भरलं होतं. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमात तो बदलायला हवा. कारण? माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, की सांगितलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी मिळून पत्रक काढलं, वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकरांनी अशी विधानं टाळायला सांगितलं आणि गदारोळ शमला. प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. लग्नाच्या पंगतीत, सत्संगात, अगदी शिक्षकांच्या खोलीतही तो ऐकू येतो. टिंगल करून तो उडवून लावणाऱ्यांत मला बसायचं नाही. पूर्वपक्ष नीट मांडावा आणि मगच त्याचा समाचार घ्यावा, ही आपली जुनी रीत आहे.

पूर्वपक्ष असा: जे कुणी पाहिलं नाही ते विज्ञान कसं? ती एक श्रद्धाच. मग एका श्रद्धेला पाठ्यपुस्तकात जागा आणि दुसरीला का नाही?

सत्यपाल सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्येक खुनाला प्रत्यक्षदर्शी मिळाला असता तर त्यांच्या खात्याचं निम्मं काम संपलं असतं. रक्ताचा डाग, बुटाचा ठसा, मोबाइलचं लोकेशन अशा परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पक्की जुळली की न्यायालयं जन्मठेप सुनावतात. नैयायिकांनी प्रत्यक्षाच्या शेजारी अनुमानाला प्रमाण म्हणून बसवलं ते काही उगाच नाही. डोंगरावर धूर दिसला की खाली विस्तव आहे हे कळायला हात पोळून घ्यावा लागत नाही.

आणि ‘कुणी पाहिलं?’ हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेलाय, फक्त तो डार्विनला नव्हे, जगत्कर्त्याला. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टानं ‘श्लोकवार्तिका’त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची सालटी काढली आहेत. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की काहीच नव्हतं तेव्हा त्या कर्त्याला निर्मिती करताना पाहायला होतं कोण? नंतर जन्मलेल्यांना ते सांगितलं कुणी? बरं, कर्त्यानं स्वतःच येऊन सांगितलं म्हणावं, तर आपला मोठेपणा मिरवायला तो काहीही सांगेल, त्याचा भरवसा काय? हे लिहिणारा नास्तिक नव्हता. वेदप्रामाण्यासाठी बौद्धांशी हिरिरीनं भांडणारा कट्टर मीमांसक होता. तेव्हा वैदिक संमेलनात डार्विनवर फेकलेला दगड कुमारिलाच्या हिशेबानं आधी स्वतःच्याच अंगणात पडतो.

शिवाय सृष्टिवाद्यांत तरी एकमत कुठे आहे? सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलावरून हिशेब मांडून जगाची निर्मिती इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाली असं ठरवलं. अमेरिकेतले कितीतरी लोक आजही त्याच्याच आसपास आहेत. दयानंदांच्या ‘सत्यार्थप्रकाशा’त सृष्टी जवळपास दोनशे कोटी वर्षांची आहे आणि पहिली माणसं तिबेटात, थेट तरुण वयातच निर्माण झाली. या दोघांपैकी बरोबर कोण? ते ठरवायचं साधन दोघांकडेही नाही. आपापला ग्रंथ आहे, एवढंच. कुठला जीवाश्म निघाला तर आपण आपलं म्हणणं सोडू, हे दोघांपैकी एकही सांगत नाही.

पण मी अनुमानावर थांबत नाही. पाहिलंय का विचारता? पाहिलंय. विदर्भातल्या कापूसवाल्यांनी पाहिलंय.

बीटी कापूस २००२ मध्ये आला. त्याच्या पानाफुलांत, बोंडात जिवाणूपासून घेतलेलं विष असतं. ते अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला चिकटतं आणि अळी मरते. लाखो अळ्यांत एखादीचा त्या प्रथिनाचा जनुक मुळातच बिघडलेला असतो. तिला विष चिकटत नाही. बाकीच्या मेल्या, ही जगली. शेत मोकळं, खायला हवं तेवढं, आणि पिलावळ तिच्याच वळणाची. २००६ मध्ये दोन विषांचं बियाणं आलं. २०१० पर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचं पक्कं झालं होतं. पुढे दुसरंही निकामी ठरलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात हाहाकार उडाला. पाकळ्या मिटलेल्या डोमकळ्या दिसू लागल्या. वरून धड दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. कामगंध सापळ्यांत पतंगांचा खच. वेचणीनंतरही पीक उभं ठेवून फरदड घेणाऱ्यांनी तर अळीला हंगामानंतरही जेवू घातलं.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत येणारी १२० ग्रॅमची ‘रेफ्युजी’ची पुडी. ते बिगर-बीटी बियाणं कडेनं पेरायचं होतं. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुगावेत आणि पुढची पिढी विषानं मरावी, हा हिशेब. चिवटपणाच्या जनुकाच्या दोन प्रती असल्याशिवाय अळी तगत नाही, म्हणून तो लागू पडतो. अमेरिकेत ॲरिझोनात ही पथ्यं पाळली आणि तिथे बोंडअळी वर्षानुवर्षं विषाला बळी पडत राहिली. आपल्याकडे ती पुडी बहुतेकांनी बांधावर भिरकावली. पेरायची का हे धड कुणी सांगितलं नव्हतं, आणि जागाही वाया जाणार. त्या १२० ग्रॅममध्ये डार्विन होता. नैसर्गिक निवड खोटी असती तर ती पुडी निरर्थक ठरली असती आणि ॲरिझोनाचं पीकही आपल्यासारखंच गेलं असतं.

इथे सृष्टिवादी आपला ठेवणीतला मुद्दा काढतो: अळी ती अळीच राहिली ना? तिची गाय झाली का? मुद्दा वाजवी आहे. दहा-पंधरा वर्षांत गाय होणार नाही. त्यासाठी कोट्यवधी वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळाची नोंद फक्त खडकांत सापडते.

जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट आहे. तिथून रंगा राव नावाच्या भूवैज्ञानिकानं जीवाश्मांचे दगड गोळा केले होते. त्यातले कित्येक न फोडताच राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीनं ते दगड हान्स थेविसेन या संशोधकाकडे सोपवले. दगड साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. आतली भिंत चांगली जाड. ही जाड भिंत म्हणजे देवमाशाच्या कुळाची ओळख मानली जाते, आणि ती निघाली सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या, मांजराहून थोड्या मोठ्या, हरणासारख्या दिसणाऱ्या खुरवाल्या प्राण्यात. त्याच्या पायांची हाडं पाण्यात उभं राहणाऱ्या प्राण्यांसारखी जड होती. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्राण्याचं नाव इंडोहायस. पाकिस्तानातल्या पंजाबात चार पायांचे देवमासे आधीच सापडले होते. कच्छमधल्या आदिम देवमाशांवर अशोक सहानी आणि मिश्रा यांनी सत्तरच्या दशकातच लिहिलं होतं. देवमासे खुरवाल्यांचेच नातलग आहेत, हे डीएनएनं नव्वदच्या दशकात वेगळ्याच वाटेनं सांगितलं. एकमेकांशी बोलणं न झालेले साक्षीदार एकच हकिगत सांगू लागले, तर पोलीस आयुक्त काय निष्कर्ष काढतील?

कर्त्यानं सगळ्यांना एकाच नमुन्यावर बनवलं म्हणून साम्य दिसतं, असंही उत्तर असतं. ते क जीवनसत्त्वापाशी अडखळतं. गाय, कुत्रा, उंदीर ते आपल्या शरीरातच बनवतात. आपल्याला आवळा, लिंबू, पेरू खावा लागतो. ते बनवणारा जनुक आपल्यातही आहे, पण मोडका. चिंपांझीत आणि माकडांतही तो मोडका आहे, आणि मोडही मिळतीजुळती. गिनीपिगमध्येही तो मोडलाय, पण वेगळ्या तऱ्हेनं. परीक्षेत दोघांची उत्तरं बरोबर आली तर मास्तरांना संशय येत नाही. दोघांनी एकच चूक, त्याच ओळीत केली की येतो.

दुसरा गट गोडबोल्यांचा. डार्विन बरोबर आहे, पण आमच्या दशावतारात ते आधीच होतं, असं ते म्हणतात. मासा, कासव, वराह, मग अर्धा सिंह अर्धा माणूस. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनहून सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं. ही जुळवाजुळव नवी नाही. १८८२ मध्ये केशवचंद्र सेनांनीही ती केली होती. मला हा गट पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतो, कारण तो डार्विनला मिठी मारून गुदमरवतो. दशावतारात कुठल्याच माशाचं कासव होत नाही. प्रत्येक अवतार वरून येतो, ठरवून, दुष्टांच्या निर्दालनासाठी. उत्क्रांतीत हेतू नाही, वरून येणारा कुणी नाही, आणि परशुरामानंतर राम यावा अशी चढती भाजणीही नाही. आणि डार्विनच्या आधी हजार-दीड हजार वर्षं दशावतार ऐकणाऱ्या कुणालाही त्यातून सजीवांची वंशावळ का सुचली नाही?

उत्क्रांतीच्या बाजूनंही कमी गोंधळ घातलेला नाही. वाकलेलं माकड एकेक पाऊल सरळ होत माणूस बनतं, ते भिंतीवरचं चित्र चुकीचं आहे. आपण आजच्या माकडांपासून आलेलो नाही, त्यांचे आपले पूर्वज एक आहेत. निर्जीवातून पहिला सजीव कसा झाला, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि डार्विनच्या सिद्धांतावर तो बोजा टाकूही नये. देव आहे की नाही, हेही उत्क्रांती सांगत नाही. डोबझान्स्की विसाव्या शतकातला उत्क्रांतीचा मोठा अभ्यासक होता आणि श्रद्धाळू ख्रिस्ती होता. शास्त्रज्ञ मतं बदलतात, याला हसणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा पाहावं. तिथल्या डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात २००५ मध्ये गवताचे सिलिकाकण आढळले आणि गवत डायनासोरांनंतरचं, हा समज मोडला. मोडला तो शेण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणाऱ्यांनीच.

खरी लढाई वर्गात आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली आणि धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र दिलं. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहेच, असा खुलासा आला. म्हणजे कॉमर्स, आर्ट्‌सला जाणाऱ्या, आयटीआय गाठणाऱ्या किंवा दहावीनंतर थेट शेतात उतरणाऱ्या मुलाला ती कधीच भेटणार नाही. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानात मात्र २०१८ पासून ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आहे. तो तिथून हलू देऊ नये. आणि त्यात जिराफाच्या मानेसोबत बोंडअळीही घालावी. आता रेफ्युजीचं बियाणं बीटीच्या पाकिटातच मिसळून येतं, कारण वेगळी पुडी कुणी पेरत नव्हतं. ती का पेरायची, हे दहावीच्या वर्गात शिकवायला एक तास पुरतो.