व्याख्या कुठे आहे?

प्रकल्प लिहायचा म्हटले, की आपला विद्यार्थी कोऱ्या फाइलीपासून उत्साहाने सुरुवात करतो. दुसऱ्याने लिहिलेला दहा हजार ओळींचा प्रोग्राम पुढे ठेवला, तर मात्र बावचळतो. दोष त्याचा नाही. प्रोग्राम लिहायला आपण शिकवतो, वाचायला शिकवत नाही.

वाचताना एखाद्या फंक्शनचे नाव आले, की त्याची व्याख्या कुठे आहे, हा पहिला प्रश्न. साधा शब्दशोध केला, तर ते नाव वापरलेली शंभर ठिकाणे पुढे येतात आणि हवे ते एक त्यांत लपून बसते. 'सीटॅग्ज' हा छोटा प्रोग्राम नेमके तेवढे एक शोधून देतो. बर्कलीच्या युनिक्ससाठी तो केन अर्नोल्ड यांनी लिहिला. आजचा 'युनिव्हर्सल सीटॅग्ज' त्याच परंपरेतला. एक आज्ञा दिली, की तो सगळ्या फाइली चाळून 'टॅग्ज' नावाची सूची करतो. प्रत्येक ओळीत नाव, फाइल आणि जागेची खूण. ही खूण बहुधा ओळीचा क्रमांक नसून त्या ओळीचा मजकूरच असतो; त्यामुळे वर चार ओळी वाढल्या तरी पत्ता चुकत नाही. मग 'विम' संपादकात नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबला, की आपण व्याख्येवर. कंट्रोल-टी दाबले, की परत.

बडोद्याला सूचीचे महत्त्व नव्याने सांगायला नको. येथील प्राच्यविद्यामंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत सिद्ध केली आणि श्लोकांच्या चरणांची सूचीही वेगळी छापली. चरण आठवतो पण स्थळ आठवत नाही, अशा अभ्यासकाचे केवढे श्रम तिने वाचवले असतील! सूची पाहिली म्हणजे रामायण वाचले, असे मात्र त्यांपैकी कोणी म्हटले नसेल.

सीटॅग्जचेही तसेच. त्याला प्रोग्राम कळत नाही. एकाच नावाची चार फंक्शने असतील, तर चारही पुढे ठेवील, निवड आपली. एखादे फंक्शन कोण कोण वापरते, हे पाहायला 'सीस्कोप' घ्यावा लागतो. प्रोग्राम बदलून सूची जुनीच ठेवली, तर ती फसवते.

"हल्ली यंत्रालाच विचारले की उत्तर मिळते," असे विद्यार्थी म्हणतात. मिळते खरे, पण ते बरोबर आहे की नाही, हे ठरवायला मूळ ओळीपाशीच जावे लागते. तिथवर जाता न येणाऱ्याने होकार तरी कशाच्या भरवशावर द्यायचा?

म्हणून प्राध्यापकांना एक सूचना. पुढच्या सत्रात प्रात्यक्षिक परीक्षेत एक अनोळखी प्रोग्राम द्यावा, तासभर वेळ द्यावा, आणि एकही ओळ लिहायला न सांगता त्यातल्या पाच फंक्शनांवर तोंडी प्रश्न विचारावेत.