सुईदोऱ्याचा डबा मुलालाही द्या



नवागाम-डिंडोली परिसरात कापडाशी संबंध नसलेले घर शोधावे लागेल. कोणाचे वडील लूमवर, कोणाचे एम्ब्रॉयडरी मशीनवर, कोणी रिंग रोडच्या मार्केटमध्ये पार्सल बांधतात. दुपारी ओट्यावर बसून साडीला लेस लावणाऱ्या, खडे चिकटवणाऱ्या माता तर गल्लोगल्ली दिसतात. आणि याच घरातला मुलगा बारावीनंतर पुणे, नाशिक किंवा बडोद्याच्या वसतिगृहात गेला की बटण तुटलेला शर्ट बॅगेच्या तळाशी टाकतो आणि दिवाळीत आईपुढे ठेवतो.

मुलगी शिकायला जावो की सासरी, आई तिच्या सामानात सुईदोरा न विसरता ठेवते. मुलाच्या बॅगेत चिवडा, लोणचे आणि चार्जर. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. आपल्याच भागातल्या शिलाईच्या कारखान्यांत मशीनवर पुरुष बसलेले दिसतात. मजुरी मिळाली की शिलाई पुरुषाची आणि घरात आली की बाईची, हे कुठले गणित?

कोणी म्हणेल, टेलर थोड्या पैशांत बटण लावून देतो. देतो, पण मुलाखतीच्या दिवशी सकाळी आठला त्याचे दुकान उघडलेले नसते.

डब्यात फार काही लागत नाही. हाताच्या सुया चार-पाच, जाड आणि बारीक मिळून (सुईचा आकडा जितका मोठा, तितकी ती बारीक). मशीनची सुई टाकू नका, तिचे नेढे टोकाकडे असते, हाताने शिवायला ती निरुपयोगी. दोरा काळा, पांढरा आणि जीन्ससाठी निळा. आपल्या घरात एम्ब्रॉयडरीची चकाकती रिळे पडलेली असतात, ती देण्याचा मोह होईल. तो दोरा शोभेचा आहे, बटणाचा ताण त्याला सोसत नाही. छोटी कात्री, सेफ्टी पिना, दोन-चार हूक आणि जुन्या शर्टाची काढून ठेवलेली बटणे, एवढे पुरे.

पण डबा देऊन हात येत नाही. बटण लावणे निदान एकदा समोर बसवून शिकवा. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. बटणावर काडेपेटीची काडी आडवी धरून तिच्यावरून टाके घालावेत. मग काडी काढून बटण वर ओढावे आणि खाली सैल पडलेल्या दोऱ्याभोवती तीन-चार वेढे देऊन मागे गाठ मारावी. असे लावलेले बटण काजात घालताना कापड ओढले जात नाही आणि ते टिकते. यानंतर उसवलेल्या शिवणीला टीप आणि पँटच्या मोहरीला हातशिलाई आली की काम भागले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे आमच्या तोंडी अजून ‘बखिया’ आणि ‘तुरपाई’ येते. मुले हसतात. हसोत, टाका सरळ आला म्हणजे झाले.

हाताने काम करत शिकावे, हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची सूचना आहे. आपल्याला कारागीर बाहेरून बोलवायला नकोत, ते आपल्या पालकसभेतच बसलेले असतात. ज्या पालकांना शिलाई येते त्यांनी एक दुपार शाळेला द्यावी, ही विनंती.

विश्वस्त मंडळापुढेही आमची एक सूचना आहे. निरोप समारंभात आपण आठवण म्हणून भेटवस्तू देतो. यंदा तिच्याऐवजी मुलामुलींना सारखाच, झाकणाचा पत्र्याचा लहान डबा सामानासह द्यावा. झाकणावर विद्यार्थ्याचे नाव रंगाने लिहावे, कारण वसतिगृहात मागून नेलेली सुई सहसा परत येत नाही.