पाटी उसनी, माल आपला

दुकानावर नामांकित कंपनीची पाटी लागली की पहिल्या दिवाळीला गर्दी होते. पुढच्या दिवाळीला तीच गिऱ्हाइके परत येतील की नाही, हे मात्र आत काय विकले त्यावर ठरते. हा जुना धडा या वेळी व्हिडिओ गेमच्या व्यवसायातून मांडावयाचा आहे. विषय पोरखेळाचा वाटेल. पण त्यामागचा हिशेब पक्का व्यापारी आहे.

या व्यवसायात एक पद्धत रूढ आहे. एखाद्या खेळाडूचे, चित्रपटाचे वा स्पर्धेचे नाव ठरावीक मोबदला देऊन काही काळापुरते वापरावयास घ्यावयाचे आणि त्या नावाने गेम बाजारात आणावयाचा. पहिला भाग खपला की दुसरा काढावयाचा. यालाच परवान्यावरचा उत्तरभाग म्हणता येईल.

कोडमास्टर्स ही इंग्लंडमधील वॉरविकशायर परगण्यातील कंपनी. 1994 साली ब्रायन लारा याने कसोटीत 375 आणि त्याच परगण्याच्या संघाकडून नाबाद 501 धावा केल्या. पुढच्याच वर्षी कंपनीने त्याच्या नावाचा क्रिकेट गेम काढला. हे नाव पुढे अनेक वर्षे चालले. 2005 साली ‘ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट’ आला आणि मार्च 2007 मध्ये, वेस्ट इंडीजमधील विश्वचषकाचा मुहूर्त साधून, त्याचा पुढचा भाग आला. विश्वचषकाचा अधिकृत परवानाही त्याला होता.

व्यापाऱ्याने लक्षात घ्यावे असे वैशिष्ट्य पुढेच आहे. हा एकच गेम इंग्लंडमध्ये लाराच्या, ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या आणि आपल्या देशात युवराज सिंगच्या नावाने विकला गेला. माल एक, वेष्टने तीन. यात फसवणूक नव्हती. गिऱ्हाइकाला आपल्या ओळखीचा चेहरा दाखवावा, हा सरळ व्यवहार होता.

मालाचे गुणदोष पाहू. चित्र रेखीव होते, आणि विश्वचषकाच्या अधिकृत मांडणीमुळे दूरदर्शन संचावर सामना पाहत असल्याचा भास होई. नवख्याला फटका मारणे लवकर जमे, त्यामुळे घरातील दोन भाऊ सहज समोरासमोर बसत. उणिवा याच गुणांच्या पोटी होत्या. फटक्याची वेळ एकदा हाताला बसली की चौकार-षटकारांचा पाऊस पडे आणि चुरस संपे. क्षेत्ररक्षणात खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही नसे; बहुतेक काम यंत्रच उरकी. सर्वांत मोठा आक्षेप असा की 2005 चा भाग ज्याच्या घरी होता, त्याला नव्यात नवे फार थोडे सापडले. वेष्टनावर झालेला खर्च दिसत होता. मालात घातलेली भर तितकी दिसत नव्हती.

मग उसन्या नावांचे काय झाले? 17 मार्च 2007 रोजी भारत बांगलादेशकडून हरला, 23 मार्चला श्रीलंकेकडून 69 धावांनी, आणि विश्वचषक आपल्यापुरता साखळीतच आटोपला. ऐन हंगामात हंगामच उरला नाही. एप्रिलमध्ये लारा आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. युवराजने एका षटकात सहा षटकार मारले ते 19 सप्टेंबरला, दरबान येथे. तोवर वेष्टने छापून सहा महिने झाले होते. नाव भाड्याचे असले की त्याचे चढउतार आपल्या हाती राहत नाहीत.

याच्या शेजारी ईए स्पोर्ट्स या कंपनीचा ‘क्रिकेट 07’ ठेवून पाहावा. तोही उत्तरभागच, ‘क्रिकेट 2005’ नंतर नोव्हेंबर 2006 मध्ये आलेला. त्याचे परवाने प्रामुख्याने इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे झुकलेले. आपल्या खेळाडूंच्या नावांचा परवाना नसल्याने ती मोडतोड करून घातलेली होती. भारतीय गिऱ्हाइकासाठी ही पाटी अगदीच अधू म्हणावी लागेल. पण फलंदाजीची पद्धत बदलण्याचे कष्ट कंपनीने घेतले होते. पुढे-मागे पाय टाकणे आणि फटक्याची दिशा यांवर खेळणाऱ्याची हुकमत आली. दोष त्यातही होते. धावा सहज निघत आणि समालोचनाची तीच वाक्ये पुनःपुन्हा ऐकावी लागत. तरीही पोरांनी नावे स्वतः दुरुस्त केली, हौशी मंडळींनी नवे संघ व नवे गणवेश घातले, आणि साध्या संगणकावर हा गेम वर्षानुवर्षे खेळला गेला. माल उपयोगी असेल तर गिऱ्हाईक पाटी स्वतः रंगवून घेते!

बँकेतील नोकरीमुळे ताळेबंद वाचण्याची सवय जडली आहे, म्हणून एक बाब सांगतो. लेखामानकांनुसार पैसे देऊन विकत घेतलेला नावलौकिक ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येतो. स्वतः कमावलेला दाखवता येत नाही. कागदावर विकतचे नाव भारी दिसते ते यामुळे. प्रत्यक्षात परवान्याला मुदत असते. ईए स्पोर्ट्सचाच फुटबॉलचा गेम 1993 पासून ‘फिफा’ या नावाने निघत होता. करार संपल्यावर 2023 साली तोच खेळ ‘एफसी 24’ या नावाने बाजारात आला. खेळाडूंच्या व साखळी स्पर्धांच्या नावांचे करार वेगळे होते, ते टिकवलेले होते. तीस वर्षांची पाटी उतरली, तरी दुकान उघडे राहिले.

आपल्या किल्ले धारूरच्या बाजारपेठेत आज दोन प्रकारचे उत्तरभाग सुरू आहेत. काही तरुण मोठ्या कंपनीची एजन्सी घेत आहेत. काही वडिलांच्या नावाच्या पेढीवर बसत आहेत. दोघांचीही पाटी तूर्त उसनीच आहे. एजन्सी घेणाऱ्याने कराराची मुदत आणि नूतनीकरणाच्या अटी आधी वाचाव्यात. अनामत रक्कम व सजावट यांवर सारे भांडवल न घालता मालाचा साठा आणि उधारीची वसुली यांसाठी हात राखून ठेवावा. वडिलांच्या गादीवर बसणाऱ्याने वर्षअखेरीस रोजमेळ मिटवताना स्वतःला एवढेच विचारावे : जुन्या गिऱ्हाइकाला यंदा माझ्याकडे असे काय मिळाले, जे वडिलांच्या वेळी मिळत नव्हते? उत्तर लगेच सुचले नाही, तर पाटीला नवा रंग देण्याचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलावा आणि आधी मालाकडे पाहावे.