आमची मराठी अशुद्ध म्हणून वही मिटायची?

आपल्या भागात दरवर्षी ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर ही नावे वाचकांना नव्याने सांगायला नकोत. अशाच एका संमेलनाच्या समितीवर मी आहे, आणि स्थानिकांचे साहित्य गोळा करण्याचे काम माझ्याकडे असते. मंडपाला वर्गणी मिळते, भाषणाला वक्ते मिळतात. लिहून द्यायला मात्र कोणी पुढे येत नाही. लिहिणारे नाहीत असे नव्हे. लिहितात आणि लपवतात.

मागच्या खेपेला माझी एक जुनी विद्यार्थिनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही घेऊन घरी आली. "सर, तुम्हीच तेवढं वाचा, कुणाला दाखवू नका. माझी मराठी काय पुण्याची न्हवं," म्हणाली आणि चहालाही न थांबता गेली. वहीत एक कथा होती. कन्नडमधला अर्ज हातात धरून कचेरीच्या रांगेत उभी असलेली आई, आणि तो वाचून दाखवता येत नाही म्हणून मान खाली घालणारी मुलगी. सीमाप्रश्नावरची पुष्कळ भाषणे मी ऐकली आहेत, काही केलीही आहेत. ती सात पाने त्या सर्वांपेक्षा बोलकी वाटली.

पण एका ठिकाणी आई विचारते, "काय करूलालीस गं?" ते खोडून वर लिहिले होते, "तू काय करत आहेस?" कथा तिथेच लंगडी झाली. बेळगावकडच्या कोणत्या आईने लेकीला असे विचारले आहे?

ही खोडण्याची सवय कुठून लागली ते मला ठाऊक आहे. आठवीत तिच्या निबंधावरची लाल शाई माझीच होती. बी.एड.ला आम्हाला चुका शोधायला शिकवले. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि घरातली बोली यांत फरक करायला मी शिकलो नाही, तो दोष माझाच.

वास्तविक शुद्धलेखनाचे आजचे नियम तरी किती जुने? साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, आणखी चार १९७२ साली. ज्या अनुच्चारित अनुस्वारांसाठी आमच्या आधीच्या पिढीने छड्या खाल्ल्या, ते या नियमांनी रद्दच केले. शिवाय कोणाचे बोलणे लिहिताना 'केलं', 'असं' लिहायला नियमांचीच मुभा आहे. कन्नडच्या सावलीचे म्हणाल, तर अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द पुण्यातही चालतातच की!

आणि उदाहरणासाठी लांब कशाला जायचे? निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया अशी माणसे त्यांनी निपाणीच्याच बोलीत उभी केली. २०२४ साली ते गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आपल्या किती मुलांना मोरे ठाऊक आहेत, हे कोणत्याही शाळेत विचारून पाहावे.

कोणी म्हणेल, गुरुजी, मग काहीही चालवून घ्यायचे काय? मुळीच नाही. अर्ज, बातमी, परीक्षेचा पेपर प्रमाण मराठीतच हवा, आणि तिथे मी अजूनही गुण कापतो. सांगणे एवढेच, की शुद्धलेखन हे शेवटचे काम आहे. पहिल्या ओळीपाशीच त्याला दारात उभे केले, तर कथा आत येतच नाही. आधी तोंडात आहे तसे लिहावे, घरातल्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावे, वेलांट्या मग पाहाव्यात. वेलांट्या दुरुस्त करायला आम्ही मास्तर आहोतच. आईचे वाक्य आम्हाला लिहिता येणार नाही.

वही परत देताना मी एवढेच सांगितले, "बाळ, जे खोडलंस ते परत लिही." ती म्हणाली, "सर, लोक हसतील की." हसतीलही. पहिल्या वाचनाला मंडपात हशा होतो, तो मी ऐकला आहे, आणि त्याची धास्ती मलाही वाटते. हा लेखसुद्धा मी तीनदा फाडला.

परवा वही पुन्हा आली. आईचे वाक्य जागेवर आहे. कथेखाली नाव अजून घातलेले नाही.